एकच पंप

आमच्या दोन्ही पिकअपचे व्हॅक्यूम पंप झिजले होते. ब्रेकवर अक्षरशः उभं राहावं, तेव्हा कुठं गाडी थांबायची. खुलताबादला सलीम मिस्त्रीकडं दोन्ही गाड्या नेल्या, तर त्याच्याकडं नवा पंप एकच निघाला.

"पोराच्या गाडीला टाक," आप्पा त्याला म्हणाले. "मला कडक ब्रेकची आदत हाय."

"मग तुमची गाडी आज इथंच राहू द्या," मी चिडून म्हणालो.

"गाडीत आल्याची पोती भरलीत. जाधववाडी मार्केटचा अडत्या थांबतो व्हय? हो पुढं. तू नजरंसमोर असला की मला बरं वाटतं."

घाट उतरताना माझा सगळा जीव मागंच लागला होता. तेवढ्यात वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. जुन्या सवयीनं मी सगळा जोर लावून ब्रेकवर पाय ठोकला. गाडी जागच्या जागी थांबली. एकाही शेळीला धक्का लागला नाही. मिस्त्रीचा हात मानला मी.



आरशात आप्पांची गाडी मोठी मोठी होत चालली होती.