तीन फुटांची फळी

मास्तरीणबाईंनी फळी काउंटरवर आपटली. “तीन फूट सांगितलेली. कपाटात शिरत नाही.” बाबांकडून दुकान घेतल्यापासून ही पाचवी तक्रार, तीही लाकूड जास्त दिल्याची. तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक तुटणार होतं. मी नवी पोलादी टेप लावली: तीन फूट. त्यांनी घरची तीन फुटी लाकडी पट्टी लावली: फळी इंचभर जास्त. “गणितात तू शाळेपासूनच कच्चा.” पट्टीवर आमच्याच दुकानाचं नाव होतं. आतून आलेल्या बाबांनी मला कोपऱ्यात ओढलं. “दुकान उघडलं तेव्हा आजोबांनी या पट्ट्या घरोघरी वाटल्या. नंतर कळलं, इंचभर आखूड आहेत. फुकट दिलेलं परत कसं मागणार? मग दुकानातही तीच वापरली.” “आणि खरं माप?” मी चक्रावलो. “ते गावात तुझ्या एकट्याकडे.” मी फळी इंचभर कापली. बाईंनी पट्टी लावली. “बरोबर तीन फूट. शाळेत एवढं लक्ष दिलं असतंस तर.”