आपणहून कबुली

आरोपीला आत आणलं आणि लोरेन हॅडलीने त्याला ओळखलं. हा तर बाकावरचा तोच मुलगा.

शपथ होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. विद्यापीठाच्या सन्मान मंडळाची, म्हणजे विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या न्यायमंडळाची, रीतच तशी. खटल्याला नुसता नंबर असतो, नाव नसतं. आणि आरोपीचं तोंड दिसण्याआधी मंडळावरच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी उजवा हात वर करून म्हणायचं, ‘या प्रकरणाची मला काहीही माहिती नाही.’ कुणी ओळखीपाळखीने न्यायाला बसू नये म्हणून शहाण्यासुरत्या लोकांनी केलेला नियम. सगळ्यात आधी ती शपथ अध्यक्षांनी, म्हणजे लोरेननेच, घेतली होती. आता उठून ‘मी याला पाहिलंय’ म्हणायला असा कितीसा वेळ लागला असता? पण पाच जण तिच्याकडे बघत होते, पदवीदान तीन आठवड्यांवर आलं होतं, आणि तिला वाटलं, बघू, कदाचित तो विषय निघणारही नाही.

मुलाचं नाव क्लेम रॅटलिफ. पहिल्या वर्षाचा, पश्चिमेकडच्या कोळशाच्या डोंगरातला. अंगातला कोट बापाचा असावा. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. रसायनशास्त्राच्या पेपरात शेजाऱ्याची दोन उत्तरं उतरवली, हे त्याने उभ्या उभ्या कबूल करून टाकलं. इथे कॉपीला शिक्षा एकच, कायमचं घरी. सुटकेची वाटही एकच. तक्रार नोंदली जाण्याआधी मंडळाच्या कुणाही सभासदाला आपणहून सांगायचं. मग नापासावर भागतं, मुलगा राहतो.

“तक्रार नोंदली गुरुवारी, चार वाजून दहा मिनिटांनी,” उपाध्यक्ष प्रेस्टन म्हणाला. त्याला नियमावली तोंडपाठ होती, आणि ती पाठ आहे हे लोकांना कळावं याचीही भारी हौस होती. “त्याआधी तू कुणाला सांगितलंस?”

“आलो होतो सर. पावणेचारपासून बाहेर बाकावर बसलो होतो. दारावर पाटी होती, सभा चालू आहे, आत येऊ नये. मग चार वाजायच्या आतच एक मॅडम फायली घेऊन घाईघाईने आल्या. मी उभा राहिलो, म्हटलं, ‘मॅडम, मला एक गोष्ट कबूल करायचीय.’ त्या म्हणाल्या, ‘सभा संपल्यावर.’ आणि आत गेल्या.”

“मग?”

“मग मी बसून राहिलो. सभा संपली, तर चिटणीस माझ्याच नावाची नोटीस घेऊन बाहेर आले.”

अक्षर न् अक्षर खरं होतं. लोरेनला त्या दिवशी उशीर झाला होता. सभेनंतर ती मागच्या दाराने परस्पर कॉफी प्यायला गेली आणि बाकावरच्या मुलाला साफ विसरली.

“त्या मॅडम आत्ता या खोलीत आहेत?”

क्लेमने टेबलावरून नजर फिरवली. सगळ्यांच्या अंगात सारखेच काळे झगे. लोरेनपाशी येऊन ती नजर थांबली. सांगून टाक, असं तिला वाटलं. नको सांगूस, असंही वाटलं, आणि हे दुसरं जास्त जोरात.

“वाटतंय खरं,” तो म्हणाला. “पण खात्री नाही सर. लाज वाटत होती, मी मान वर करून नीट बघितलंच नाही. खात्री नसताना कुणाचं नाव घेणार नाही मी. पेपरावर ‘कॉपी केली नाही’ म्हणून एकदा खोटी सही करून बसलोय, ती पुरे.”

“म्हणजे साक्षीदार नाही,” प्रेस्टन म्हणाला आणि त्याने तसं लिहून घेतलं.

मतदानाआधी अध्यक्षांनी सभासदांना तीनदा विचारायचं असतं, आणि दर वेळी मनात दहापर्यंत मोजायचं असतं. लोरेन उभी राहिली.

“या प्रकरणी कुणाला काही माहीत असेल तर त्याने आता बोलावं.”

माहिती दडवणं हाही गुन्हाच होता, आणि त्यालाही शिक्षा तीच. चार वर्षं, आईवडिलांनी आधीच काढून ठेवलेली विमानाची तिकिटं, नोकरीचं पत्र. तिने दहा मोजले. पुन्हा विचारलं. या वेळी आवाज जरा कापला. प्रेस्टनने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. ती घोटभर पाणी प्यायली. तिसऱ्यांदा आवाज अगदी स्वच्छ आला.

त्याला घरी पाठवण्यासाठी पाचही हात वर गेले. अध्यक्षांना मत नसतं. तेवढं तरी बरं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची किळस वाटली.

ती बाहेर पडली तेव्हा क्लेम कोट हातावर टाकून जिन्यापाशी उभा होता. खाली त्याचा बाप ट्रक चालू ठेवून बसला होता.

“मॅडम, एक विचारू? निकाल तर लागला. आता मी कुणाचं नाव घेणार नाही, खरंच. पण आई विचारेल, कबूल करायला गेला होतास ना रे? आणि आत इतक्यांदा ‘साक्षीदार नाही, साक्षीदार नाही’ ऐकलं की माझं मलाच वाटायला लागलंय, मी ते नुसतं मनातल्या मनात म्हटलं की काय. त्या तुम्हीच होतात का?”

लोरेनने फायली छातीशी धरल्या.

“खटल्याबद्दल सभासदांनी बाहेर बोलायचं नाही, असा नियम आहे.”

“हो मॅडम.” त्याची कानशिलं लाल झाली. “माझं चुकलं. विचारायला नको होतं मी.”