हॉलमधली होडी

पाहुणे आले तेव्हा होडी हॉलमध्येच होती. जाणार तरी कुठे? नवीन पनवेलमधला तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि होडी चांगली दहा फुटी, शिडाची. तिच्यापायी सोफा कधीच गॅलरीत गेला होता आणि टीव्ही फ्रिजवर चढला होता. सुनीताबाईंनी तिच्यावर भरतकामाची चादर टाकून पाहिली, पण ती जास्तच डोळ्यांत भरायला लागली. शेवटी चादर काढून त्यांनी नवऱ्याला आणि लेकीला बजावलं, "होडी ह्यांनी केलीय आणि वड्या मितालीनं. कळलं?"

खरं तर खोबऱ्याच्या वड्या सुनीताबाईंनीच पहाटे उठून थापल्या होत्या, आणि होडी मितालीनं वर्षभर खपून बांधली होती. तिच्या वडिलांचं, कमलाकररावांचं काम एवढंच, ती सांगेल तिथे फळी धरणं आणि मध्ये मध्ये चहा करणं.

मितालीला बघायला आलेला मुलगा, सत्यजीत, न्हावाशेवा बंदरात नोकरीला होता. त्याच्याबरोबर त्याची आई, सुनंदाबाई. खुर्च्या होडीभोवतीच मांडाव्या लागल्या, जणू आज तीच दाखवायची होती.

"छंद आहे ह्यांना," सुनीताबाई घाईने म्हणाल्या.

"आमच्या सत्यजीतलाही पाण्याचं वेड. माशासारखा पोहतो!"

सत्यजीतने मान खाली घातली. मुलगा विनयशील आहे, असं सुनीताबाईंच्या मनात आलं.

"काका, डोलकाठी उभी कशी करता?" त्याने विचारलं.

कमलाकररावांची बँकेत हयात गेली होती. "ती... ती राहते उभी," ते म्हणाले.

मिताली वड्यांची ताटली घेऊन दारात थबकली. होडीला हात लावण्याआधी सत्यजीतने तो रुमालाला पुसला, हे तिनं पाहिलं आणि तिथेच तिला तो आवडला. म्हणूनच ते खोटं तिला फार टोचू लागलं. हे जमलं तर होडी बाबांची म्हणून इथेच राहणार आणि आपण तिकडे जन्मभर वड्या थापत बसणार.

तिनं पुढे केलेल्या ताटलीतून सुनंदाबाईंनी वडी उचलली आणि नाकाजवळ नेली. "रॉकेलचा वास येतोय का हो?"

सुनीताबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. सकाळी त्यांनीच लेकीची नखं रॉकेलनं घासली होती.

"वड्यांना नाही, माझ्या हातांना येतोय," मिताली म्हणाली. "नखांतलं व्हार्निश काढलंय. वड्या आईनं केल्यात. होडी माझी आहे."

कमलाकररावांनी घाबरून एक अख्खी वडी तोंडात कोंबली.

सुनंदाबाई उठल्या. होडीभोवती फिरल्या, आणि माठ घेताना वाजवून बघतात तशी त्यांनी ती दोन-तीन ठिकाणी वाजवून पाहिली.

"तू केलीस? एकटीनं?"

"बाबांनी फळ्या धरल्या."

"पाण्यात कधी घालणार?"

"रविवारी. टेम्पोनं करंजाच्या बंदरावर नेणार आहोत." मितालीनं सत्यजीतकडे पाहिलं. "पहिल्या फेरीला दोघंच मावतात. तुम्हाला पोहता येतंच ना?"

सत्यजीतने आईकडे पाहिलं. आई आता वडी फारच लक्ष देऊन खात होती.

"अजिबात नाही," तो म्हणाला. "कमरेच्या वर पाण्यात गेलेलो नाही. ते आईच सगळीकडे सांगते."

आधी हसले कमलाकरराव. तोंडात वडी असल्याने त्यांना ठसका लागला. मग सुनंदाबाईंना हसू आवरेना, आणि त्यांना पाहून सुनीताबाईंनाही पदर तोंडाला लावावा लागला.

"मग रविवारी तुम्ही काठावर थांबा," मिताली म्हणाली.

"छे!" सत्यजीतने वाकून मोजे काढले, पॅंट दुमडली, एक पाय उचलून होडीत टाकला आणि मधल्या फळीवर जाऊन नीट बसला.

"धरायचं कुठे," तो म्हणाला, "तेवढं आजच दाखवून ठेवा."