ओ

सत्यभामाबाईंनी समईत तेल घातलं, वात पुढे सारली आणि शेजारी ठेवलेला फोन उचलला. तेवढ्यात हर्षल दारात येऊन उभा राहिला. चप्पलसुद्धा काढली नव्हती त्यानं.

"फोन दे तुहा, माय."

"काऊन?"

"तडजोड झाली. सिनेमा आजच्या आज सगळीकडून काढून टाकाचा हाय. यूट्यूबवरून काढला, हरिओमच्या लॅपटॉपातून काढला. आता तुह्या फोनातच राह्यला."

सत्यभामाबाईंनी फोन पदराखाली घेतला. लहान लेकरू घ्यावं तसा.

सिनेमा हर्षल, हरिओम आणि मोताळ्यातल्या पोरांनी केला होता. टीव्हीवरची घोडेस्वाराची मालिका मधेच बंद पडली, तर या वेड्यांनी पुढची गोष्ट आपणच रचली. गणपतीला मागतात तशी वर्गणी मागितली. बाजारात डबा फिरवला, मोबाईलवरून पार परदेशातल्या माणसांपुढेही फिरवला. वरातीचा घोडा आणला, हरिओमचा फेटा निळीत बुडवला, आणि झाला घोडेस्वार. लोकांनी सिनेमा डोक्यावर घेतला. मग मुंबईच्या कंपनीनं दावा लावला. घोडेस्वार आमचा, गोष्ट आमची, कॉपीराइट आमचा.

घोडेस्वाराच्या म्हाताऱ्या बापाचं काम हर्षलच्या वडिलांनी, उकंडरावांनी केलं होतं. काम कसलं, एवढंच की तिन्हीसांजेला शेतातून यायचं, घोड्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि बायकोला हाक मारायची, 'रेवती, दिवा लाव.' कॅमेरा सुरू झाला. उकंडराव आले, हात ठेवला, घसा खाकरला आणि म्हणाले, 'सत्यभामा, दिवा लाव.'

उभ्या संसारात त्यांनी बायकोचं नाव घेतलं नव्हतं. 'आवं', नाहीतर 'हर्षलची माय'. पोरं पोट धरधरून हसली. उकंडराव टोपी नाकावर ओढून गोठ्यात शिरले ते बाहेर येईनात. घोडेवाल्याला वरातीची घाई. पुन्हा घेता आलं नाही, सिनेमात राहिलं ते तसंच राहिलं. सत्यभामाबाई तेव्हा कॅमेऱ्यामागे चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. 'ओ' अगदी ओठाशी आली होती. चारचौघांत नवऱ्याच्या हाकेला ओ कशी द्यायची, म्हणून गिळली.

पौषात उकंडराव गेले. तेव्हापासूनचा हा नेम. सांजेला फोनवर ती हाक लावायची, हळूच ओ द्यायची, मग दिवा लावायचा. त्याच्याआधी तोंडात पाणीही नाही.

"मले एक सांग," त्या म्हणाल्या. "सत्यभामा त्यायच्या गोष्टीत हाय का?"

"नाही ना व. रेवती हाय."

"मंग तेवढी हाक तं माह्यी झाली. बाकी काढ अन् तेवढी ठेव."

हर्षल उंबऱ्यावर टेकला. "इचारलं म्या वकिलाले. तो म्हने, नाव तुमच्या मायचं हाय, पन हाक मारनारा कंपनीचा हाय. तो घोडेस्वाराचा बाप हाय ना त्यात."

"कंपनीचा?" सत्यभामाबाईंना एकदम हसू आलं. "जलमभर धोतरं म्या धुतली त्यायची, अन् ते कंपनीचे?"

हर्षलही हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले, तसं तो दुसरीकडे पाहू लागला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "राहू दे माय. मोताळ्यात तुहा फोन तपासाले कोन येते? राहू दे तुह्यापाशी."

सत्यभामाबाईंचं हसू विरलं.

"तू काय लिहून देल्लं त्याइले?"

"प्रतिज्ञापत्र. का आमच्यापाशी कुठंच काही ठेवलं नाही."

"प्रतिज्ञा केली?"

"अवं, पत्र असते ते. कोर्टाचा कागद."

"पत्र कशाचंबी असो. प्रतिज्ञाच ना?"

हर्षलच्या मायनं साधा सोमवार कधी मोडला नव्हता, तापातसुद्धा.

त्यांनी पदराखालून फोन काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"एक डाव ऐकून तरी घे," तो म्हणाला. ती जागा त्यानंच शोधली. पडद्यावर निळसर संध्याकाळ, घोड्याची पाठ, तिच्यावर एक रापलेला हात.

'सत्यभामा, दिवा लाव.'

सत्यभामाबाईंनी पदर कपाळावर ओढून घेतला. समोर पोरगा होता. ओ आताही गिळली.

"काढ," त्या म्हणाल्या.

हर्षलचा अंगठा काचेवर अडखळला. "फोन इचारून राह्यला, माय. कायमचं काढू का म्हन्ते."

"हाव म्हन त्याले."

मग त्यानं फोन परत दिला. जेवून जा म्हटलं तर मान हलवून तसाच निघाला. हरिओम रस्त्यावर खोळंबला होता. गाडी चालू झाली, वळणावर कुत्रं भुंकलं, आणि आवाज दूर गेला.

घरात अंधार साचत गेला. देव दिसेनासे झाले. गोठ्यात गायीनं एकदा गळ्यातली घंटा वाजवली, बस. सत्यभामाबाईंनी फोन उचलला, सवयीनं बोट त्या जागी गेलं, थांबलं. फोन उपडा ठेवून त्यांनी काडेपेटी हातात घेतली. आज दिवा लाव म्हणणारं कोणी नव्हतं. किती वेळ त्या तशाच बसल्या, हातात काडी धरून, कान अंगणाकडे लावून.

मग दाराकडे एकदा पाहिलं. कुणी नाही.

"ओ," त्या म्हणाल्या. चांगलं मोठ्यानं, अंगणाच्या पार गोठ्यापर्यंत ऐकू जाईल असं. आणि काडी ओढली.