पहिली किक

फिनलंडमधल्या लाहतीची अख्खी थंडी मी गॅरेजमध्ये घालवली आणि भंगारातली टू-स्ट्रोक मोटरसायकल एकटीने उभी केली, वर जांभळी रंगवली. पहिली किक माझीच, असं बाबाकडून कबूल करून घेतलं होतं.

शनिवारी सकाळी किक मारण्याआधी, काल बसवलेला कोरा स्पार्क प्लग काढून पाहिला. टोक बिस्किटासारखं तपकिरी झालं होतं. इंजिन मस्त चालून आलं, तरच हा रंग येतो.

“बाबा, चोरून किक मारलीस ना?”

“कशी मारू, हेल्मीबाई? पेट्रोलची टाकी अजून भिंतीवर वाळतेय,” वेलचीचा पाव चघळत बाबा म्हणाला. “पण प्लगचा रंग बघ. जमलंय तुला.”

खरंच जमलं होतं. मी खुशीत इंजिनावर हात ठेवला. ते कोमट होतं. आणि कुणीतरी नुकताच पाय उचलावा, तशी किकची दांडी सावकाश वर येत होती.