चार खानावळी

“भाकर जाड आहे,” असं म्हणून मनकर्णाबाईंनी ताट बाजूला सारलं.

मेहकरातली ही तिसरी खानावळ. पहिलीत त्यांना वरण पातळ लागलं होतं, दुसरीत भाजी खारट. बायकोच्या ताटातली भाकर हिंमतरावांनी आपल्या ताटात घेतली आणि खाली मान घालून जेवत राहिले.

“हात धुऊन येते,” म्हणून मनकर्णाबाई उठल्या. मागच्या मोरीवरून चुलीकडे डोकावता येई. चुलीपुढे एक म्हातारी बसली होती. मनकर्णाबाई हात न धुताच परत आल्या.

साल त्रेसष्टचं. लग्नाला तीस वर्षं झाली आणि धामणगाव बढ्याचं हे जोडपं पहिल्यांदाच सहलीला निघालं होतं. मळ्यातल्या वांग्याला यंदा बरा भाव आला. ‘लोणारचं तळं पाहू एकडाव,’ असं मनकर्णाबाई चैत्रात सहज म्हणावं तसं म्हणाल्या. नवरा नाहीच म्हणेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. पण हिंमतरावांनी कंडक्टरला विचारून मेहकरच्या लॉजांची आणि खानावळींची यादीच करून आणली. कांद्याचं बी आणायला ते दरसाल मेहकरजवळच्या जानेफळला जात, म्हणून हा भाग त्यांच्या पायाखालचा होता. तीन लॉज पाहून त्यांनी दीड रुपयाची खोली ठरवली. गादी दाबून पाहिली, खाटेत ढेकूण नाहीत ना तेही पाहिलं.

मनकर्णाबाईंना ना गादीचं काही होतं, ना तळ्याचं.

पाच वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक सिंधू दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर निघून गेली. हिंमतरावांनी चारचौघांसमोर तिच्या नावानं अंघोळ केली. तेव्हापासून घरात ते नाव निघत नव्हतं. एकदा मनकर्णाबाईंच्या तोंडून निसटलं, तर हिंमतराव भरल्या ताटावरून उठून मळ्यात गेले.

मग यंदा होळीच्या आधी शेजारच्या तानुबाई लोणारहून आल्या. त्या हळूच म्हणाल्या, “मेहकरले तुही सिंधू दिसली मले. खानावळीत भाकरी थापून राह्यली होती.”

“कोन्या खानावळीत?”

“मले वाचता येते काय व? अन् गाडी सुटून राह्यली होती.”

म्हणून ही सहल. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. तो सदा सोबत, त्यामुळे कोणाला विचारायचीही सोय नव्हती. जेवणाला नाव ठेवायचं, चूल पाहायची आणि दुसऱ्या खानावळीची वाट धरायची, एवढंच त्यांच्या हाती होतं.

दुसऱ्या दिवशी लोणार झालं. पाणी हिरवं होतं, याहून जास्त त्यांना काही दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी दोनची परतीची गाडी. एकच जेवण उरलं होतं. पुन्हा इकडे यायला कोणतं निमित्त काढणार? हिंमतरावांनी ट्रंकेला कुलूप लावलं.

“स्टँडवरच खाऊन घेऊ म्हनता काय?” मनकर्णाबाईंनी भीतभीत विचारलं.

“यादीतली एक राह्यली. बाजाराच्या मांगं आहे. उन्हाचं चालनं होईन तुले?”

“होईन.”

हिंमतराव पुढे, त्या मागे. दोन बोळ, एक पार, मग डावीकडे. पत्र्याचं छप्पर, चार पाट, शेणानं सारवलेली स्वच्छ जमीन. हिंमतराव भिंतीला टेकून बसले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, दोन थापा आणि एक थांबा. मनकर्णाबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. तो आवाज त्यांनी आपल्याच चुलीपुढे शिकवला होता.

एवढे दिवस त्यांनी फक्त मुलगी सापडण्याचा विचार केला होता. सापडल्यावर शेजारी बसलेला हा माणूस काय करील, याचा नाही. आता तो पाटावरून उठेल. पोरीला सगळ्यांसमोर बोलेल. नाहीतर नुसताच निघून जाईल, आणि त्याच्यामागे निघण्यावाचून आपल्याला गत्यंतर नसेल.

“अहो,” त्यांनी नवऱ्याची बाही धरली. “तुमच्या पाया पडते मी. तिले काही बोलू नका. मले फक्त पाहू द्या, मंग चला तुमी म्हनान तिकडं.”

हिंमतरावांनी बाही सोडवली नाही. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

टोपल्यात भाकरी घेऊन सिंधू बाहेर आली. वाळली होती. आईला पाहून जागच्या जागी थांबली. टोपलं खाली ठेवून तिनं पदरानं हाताचं पीठ पुसलं, डोळे पुसले, आणि बापाकडे वळली.

“दरसाल सांगून राह्यली होती आबा, आईले आना म्हनून,” ती म्हणाली. “यंदा आनलं शेवटी.”