आणखी लहान लाट

"लाट कमी करून बघ पोरी," काका म्हणाले.

तिने लाटेची उंची कमी केली आणि कॉम्प्युटरला पुन्हा कामाला जुंपलं. पडद्यावर लाखो बारीक चौकोनांचं जहाज होतं. पत्र्यांची जाडी, सांधे, पोटात भरलेला माल, सगळं खऱ्याबरहुकूम. लाटेने त्याला मधोमध उचललं. निळे चौकोन पिवळे पडत गेले आणि मालाच्या गोदामाच्या तोंडाशी एक कोपरा लालभडक झाला. जहाज तिथूनच फाटलं.

जहाज बुडून वर्षं लोटली होती. माणसं वाचली, पण वादळात जहाज दामटलं असा ठपका ठेवून कप्तानाला घरी बसवलं गेलं. आता चौकशी नव्याने सुरू झाली होती. जहाजाची खडानखडा माहिती असलेला माणूस म्हणून चौकशीवाल्यांनी काकांना तिच्याकडे धाडलं होतं.

"एकेक पत्रा माझ्या डोळ्यांदेखत बसलाय," काका आल्या आल्याच म्हणाले होते. आराखडा यांचाच, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि काय माणूस होता! नकाशात नसलेला जोड त्यांनी डोळे मिटून सांगितला. तिने जुने फोटो काढून पाहिले, तर जोड तिथेच. पोटच्या पोरावर करावी तशी माया त्यांनी त्या लोखंडावर केली होती. तिला त्यांचा फार आदर वाटू लागला होता, म्हणूनच आजचं काम जिवावर आलं होतं.

"आणखी लहान लाट."

म्हातारा आपलं जहाज तगावं म्हणून धडपडतोय, हे बघून तिला गलबलून आलं. तिने लाट आणखी लहान केली. कोपरा पुन्हा फाटला.

"अशी लाट तर रोजचीच," काका हळूच म्हणाले. "तुझं गणित चुकत नाहीये ना?"

"नाही काका. सगळ्या बाजूंनी तपासलंय."

तिने खुर्ची जवळ ओढली.

"वाईट वाटून घेऊ नका. तेव्हा एवढं गणित हाताने कोण करणार होतं? कोपरा गोल हवा होता, इतकंच. पण मला खरं ते लिहावं लागेल. दोष आराखड्याचाच आहे."

काकांचे डोळे भरून आले. तिने पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो तसाच बाजूला ठेवला आणि खिशातला फोन काढला.

"अगं, ऐकतेस ना?" ते बायकोला म्हणाले. "जहाज मी बुडवलं नव्हतं."